घर तुमच्याच नावावर राहू द्या

मागच्या भाषणानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न आहे : ‘वकीलसाहेब, आता वय झालं. घर मुलाच्या नावावर करून टाकू का?’ उत्तर आधीच सांगतो. नका करू. मृत्युपत्र करा, बक्षीसपत्र नको.

हा प्रश्न आताच इतक्या घरांत का निघतो? महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. पूर्वी चार भावांतले तिघे मुंबईला गेले, तरी मागे एक दिवा लावायला असायचा. आता आहे तोच एकुलता पुण्यात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2001 ते 2011 या काळात चक्क घटली. आणि आयुष्य तर वाढलं. बाप पंच्याऐंशीचा होतो, तेव्हा मुलगा साठीला टेकलेला असतो. जी वाटणी बाप गेल्यावर व्हायची, ती आता त्याच्या हयातीतच मागितली जाते.

त्यात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं, तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये. स्थानिक अधिभार वेगळा. ‘स्वस्तात होतंय, उरकून टाकू’ म्हणतात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो निघतो, यंत्रावर अंगठा टेकतो, आणि घर तुमचं राहत नाही.

एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. कापडी पिशवीत रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या आणि यजमानांच्या नावाचं जुनं वीजबिल, सगळं घडी घालून नीट ठेवलेलं. सही कुठे केली ते त्यांना आठवत होतं, कागदावर काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं. घर विकलं गेलं होतं. ‘परसातलं कोकमाचं झाड तरी माझ्या नावावर राहील ना?’ असं विचारत होत्या. काय सांगणार?

‘माझा मुलगा तसा नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. अहो, नसेल! मुलगा सोन्यासारखा असला, तरी त्याच्यावर कर्ज होऊ शकतं आणि बँक त्याच्या नावावरच्या घरावर येऊ शकते. त्याचा काडीमोड होऊ शकतो. आणि तोंडातून काढू नये, पण काढतो : तुमच्याआधी तोच गेला तर? हिंदू वारसा कायद्यानुसार मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची बायको, मुलं आणि आई येते. बाप येत नाही. ज्यानं विटेवर वीट ठेवून घर बांधलं, त्याचाच त्यात हिस्सा नाही! हे ठाऊक असून किती जण सह्या करतात, सांगा मला?

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही. केली तर चांगलं. तुमची सही दोन साक्षीदारांनी पाहावी आणि तुमच्यासमोर त्यांनीही सह्या कराव्यात. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार घेऊ नका. मन बदललं तर नवं करा, शेवटचं तेच खरं. तोवर घर तुमचं.

फ्लॅटला नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असं नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही हिस्सा असतो, तिथे आधी सल्ला घ्या. आणि कोऱ्या कागदावर सही कोणालाच देऊ नका, मलासुद्धा नाही.

बक्षीसपत्र करणं भागच असेल, तर त्यात स्पष्ट लिहून घ्या : ‘मला तहहयात या घरात राहू द्यावं आणि माझा सांभाळ करावा, या अटीवर.’ लाजू नका. ही ओळ असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. पोटगीही मागता येते. अर्ज प्रांत कार्यालयात द्यायचा.

ज्यांची सही होऊन गेली आहे, त्यांनीही घरात कुढत बसू नका. ज्येष्ठांसाठी मोफत मदतवाहिनी आहे. पेन घ्या, मी थांबतो. 14567. पुन्हा सांगतो : एक, चार, पाच, सहा, सात.