टेकडीवरची वळणे आणि पाव मैलाची सरळ वाट

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस सुमारे ३० मैलांवर, जेथे सॅन पाब्लो उपसागराकाठची दलदल संपून सोनोमाच्या टेकड्यांची पहिली चढण लागते, तेथे १९६८ साली सिअर्स पॉइंट या नावाने मोटारशर्यतींचे एक मैदान सुरू झाले. आज ते सोनोमा रेसवे म्हणून ओळखले जाते. त्या मुलखात स्थायिक झालेली आपली मराठी मंडळी पाहुण्यांना नापा खोऱ्यातले द्राक्षमळे दाखवायला निघाली, की बहुधा याच्याच दारावरून जातात, आणि नेमकी मोठी शर्यत असली तर मोटारींच्या रांगेत खोळंबून तिच्या नावाने बोटे मोडतात. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडत असल्याने जानेवारीत हिरव्यागार असणाऱ्या या टेकड्या शर्यतींच्या ऐन मोसमात वाळल्या गवताने पिवळ्याधमक झालेल्या असतात. ते गवत आटोक्यात राहावे म्हणून तेथे मेंढ्यांचे कळप चारण्याचा शिरस्ता आहे.

या एकाच आवारात परस्परविरुद्ध प्रकृतीच्या दोन वाटा नांदतात. पहिली २.५२ मैलांची, १२ वळणांची, आणि सर्वांत उंच व सर्वांत सखल बिंदूंमध्ये सुमारे १६० फुटांचे अंतर असलेली. आरंभरेषा मागे पडताच ती चढणीला लागते, आणि माथ्यावर पोचलेल्या चालकाला पुढचा रस्ता दिसतच नाही. शिवाय त्या क्षणी मोटारीचा भार चाकांवरून किंचित उचलला जाऊन टायरांची पकड नेमकी हवी तेव्हाच सैल होते. पुढे ‘कॅरोसेल’ नावाचे एक प्रदीर्घ डावे वळण उतरत उतरत येते, आणि त्यात कसोटी लागते ती वेगाची नव्हे, तर सबुरीची. कारण जो अधीर होऊन अॅक्सिलरेटर आधी दाबतो, तो वळणाच्या बाहेरच्या कडेला फेकला जाऊन पुढच्या सरळ पट्ट्यावरचा सारा लाभ गमावून बसतो. नॅस्कार या अमेरिकी शर्यतमालिकेसाठी १९९८ साली एक आखूड जोडरस्ता काढून हे वळण वगळण्यात आले, २०१९ साली ते परत घेतले गेले, आणि २०२२ पासून पुन्हा वगळले गेले. ही काटछाट मला पटलेली नाही. टेकडीवर शर्यत मांडायची आणि टेकडीचाच उत्तम भाग टाळायचा, हा कारभार अजब होय.

दुसरी वाट पाव मैलाची, म्हणजे १,३२० फुटांची, ओळंब्यासारखी सरळ. मूळच्या आखणीत या दोन्ही वाटांचा काही भाग सामाईकच होता. नायट्रोमिथेन जाळणाऱ्या महाकाय मोटारी ताशी ५०० किलोमीटरांहून अधिक वेग गाठू लागल्यावर, २००८ साली एका चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर, त्यांच्यापुरते अंतर १,००० फुटांवर आणले गेले. त्यांचा गडगडाट कानांपेक्षा छातीलाच अधिक ऐकू येतो. परंतु मला ज्या शर्यतीचे कौतुक आहे, ती याहून पुष्कळ नम्र आहे.

तिच्यात कोणीही आपली नेहमीची मोटार घेऊन उतरावे. एवढेच, की पाव मैल कापण्यास आपल्याला किती वेळ लागेल हे आधी जाहीर करावे लागते. कित्येकजण तो आकडा बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने मोटारीच्या काचेवरच लिहितात. समजा, एकाने १५.२० सेकंद लिहिले आणि दुसऱ्याने १२.७०, तर पहिल्याला अडीच सेकंद आधी सोडले जाते. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खांबावर प्रत्येकाचे पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने वरून खाली लागतात, मग हिरवा. त्याआधी चाक हलले तर लाल दिवा लागून मामला तेथेच निकालात निघतो. आणि खरी गंमत पुढे आहे. आपण लिहिलेल्या वेळेपेक्षा जो लवकर पोचतो तो, प्रतिस्पर्ध्याने त्याहून मोठा प्रमाद केलेला नसेल तर, हरतो. म्हणून जिंकत आलेला चालक शेवटच्या काही फुटांत चक्क ब्रेकवर पाय ठेवताना दिसतो, आणि नवखा प्रेक्षक चक्रावून शेजाऱ्याकडे पाहतो. स्वतःच्या मोटारीचा, त्या दिवशीच्या उष्म्याचा आणि वाऱ्याचा अचूक हिशेब ज्याने केला, त्याची जुनी खटारा मोटारसुद्धा येथे श्रीमंताच्या नव्या गाडीला सहज नमवते. वेगाच्या इतर कोणत्याही खेळात इतका न्याय मला आढळलेला नाही.

या सरळ वाटेचा आणखी एक उपयोग तेथल्या लोकांनी शोधून काढला. रात्री सार्वजनिक रस्त्यांवर चोरून शर्यती लावणाऱ्या तरुण पोरांना नुसता दंड ठोकून भागत नाही हे ओळखून, त्यांना येथे रीतसर बोलावण्याची आणि खुद्द पोलिसांनीच गणवेशात, गस्तीच्या मोटारी घेऊन त्यांच्याशी शर्यत लावण्याची प्रथा पडली. आपल्याकडे फौजदाराने असे केले तर वरिष्ठांचा खुलासा मागवणारा कागद दुसऱ्याच दिवशी टेबलावर येईल. तेथे मात्र एखाद्या सोळा वर्षांच्या पोराने त्या गस्तीच्या मोटारीला मागे टाकले, की मित्रमंडळी कठड्याला धरून शिट्ट्या वाजवतात, आणि हरलेले अंमलदार मोटार वळवून पुढच्या फेरीसाठी मुकाट्याने रांगेत येऊन उभे राहतात.