नळाला मोटर लावण्याआधी

मला इथे ‘अर्थशास्त्रातलं काहीतरी सोपं’ सांगायला बोलावलंय. मी सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंगला अर्थशास्त्र एका सेमिस्टरपुरतं होतं, तेही पास होण्यापुरतं. नंतर गोडी लागली म्हणून वाचलं. तेव्हा सांभाळून घ्या. सुरुवात आमच्या गल्लीतल्या नळापासून करतो.

मी नववीत होतो. एक दिवसाआड पाऊण तास पाणी यायचं. गल्लीच्या तोंडाशी एका घरानं थेट नळाच्या लाइनला मोटर लावली आणि पुढच्या घरांची धार करंगळीएवढी झाली. महिन्याभरात दुसरी मोटर आली, मग तिसरी. अब्बा म्हणायचे, “हे दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी आहे, आपल्याला नको.” अम्मी हंडा घेऊन चाचांच्या दारात उभी राहायची. शेवटी ईदच्या आठवड्यात अब्बांनीच मोटर आणली.

आता हिशेब मांडू. समजा गल्लीत दोनच घरं आहेत आणि पाणी 600 लिटर. कुणीच मोटर लावली नाही तर 300-300. एकानंच लावली तर त्याला 500, दुसऱ्याला 100. दोघांनी लावली की पुन्हा 300-300, वर मोटरचा खर्च आणि विजेचं बिल. शेजाऱ्यानं लावली नसेल तर लावण्यात फायदा, लावली असेल तर लावणं भागच. म्हणजे शेजारी काहीही करो, तुमचं उत्तर एकच. याला ‘प्रिझनर्स डिलेमा’ म्हणतात. 1950 साली अमेरिकेत फ्लड आणि ड्रेशर या दोघांनी हा खेळ मांडला. एकदा दोन्ही मोटरी लागल्या की एकट्यानं काढून उपयोग नाही. अब्बांनी उद्या काढली असती तर आम्ही 100 लिटरवर आलो असतो. या अडकण्याला ‘नॅश समतोल’ असं भारदस्त नाव आहे.

खरं तर 300 सुद्धा नीट मिळत नाही. मोटरींच्या ओढीनं पाइपात उलटा दाब तयार होतो आणि गटाराशेजारच्या फुटक्या जोडातून घाण आत येते. आमच्याकडे त्या पावसाळ्यात घरटी जुलाब होते.

सामाईक कुरण प्रत्येकजण ओरबाडणार आणि ते उजाड होणार, असं गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये लिहिलं. त्यातून पुष्कळांनी दोनच उपाय काढले, सरकारी दंडुका नाहीतर खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र लोक प्रत्यक्षात काय करतात ते गोळा केलं. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्वित्झर्लंडमधल्या टोरबेल गावाचा 1517 चा नियम त्या सांगतात: हिवाळ्यात घरी जेवढ्या गायी पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. मोजायला सोपं, लपवायला अवघड.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती भूमिहीनाची गोष्ट. ज्याला ठरवताना धरलंच नाही, तो नियम का पाळेल?

आमच्या गल्लीतली पहिली मीटिंग याच कारणानं फसली. पंधरा पुरुष आले, सगळ्यांनी मोटरी काढायचं ठरवलं, चहा झाला. पाणी भरणाऱ्या बायका घरीच. तपासायचं कुणी, हे ठरलंच नाही. तीन आठवडे टिकलं.

दुसरी मीटिंग गेल्या वर्षी आमच्या ओट्यावर झाली, अम्मीनं बोलावलेली. पाणी आलं की पाळीपाळीनं दोन घरच्या बायका गल्लीतून चक्कर मारतात. मोटरचा आवाज भिंतीआड लपत नाही. पहिल्यांदा नुसती हाक मारायची, दुसऱ्यांदा घरात जाऊन बसायचं, तिसऱ्यांदा ओट्यावर सगळ्यांसमोर बोलवायचं. अकरा मोटरी निघाल्या. आमचीही, हे सांगायला हवं. अब्बांनी ती भंगारात दिली.

तोंडाशी असलेल्या पहिल्या घराची अजून आहे. त्यांना काढून फायदा काहीच नाही, पाणी आधी त्यांच्याकडेच येतं. काल अम्मीचा फोन होता, या जुम्मेरातीला चौघीजणी त्यांच्याकडे जाणार आहेत.