दप्तराची दुसरी प्रत



समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आपल्या जालना जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच लग्नमंडपातून निघून गेलेल्या नारायणाची कथा येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच समर्थांनी दासबोधातला एक स्वतंत्र समास लेखनक्रियेसाठी दिला आहे, याकडे कार्यालयात बसणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. अक्षर, कागद, शाई, लेखणी यांचा इतक्या बारकाईने विचार करणारा संत विरळाच. त्यांच्या शिष्यपरंपरेने ग्रंथांच्या नकला करून त्या ठिकठिकाणच्या मठांत जपल्या. एका ठिकाणच्या पोथीला वाळवी लागली, तरी दुसरीकडची शाबूत राहण्याची सोय त्यातून झाली. पुढे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांना समर्थ संप्रदायाची बाडे जमवता आली, तीही या नकला जपल्या गेल्या म्हणूनच. आजचा विषय संगणकातील विषाणूंचा आहे. पण दप्तर जपायचे कसे, हा प्रश्न तोच आहे.

२१ मार्च २०२१ हा रविवार होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीच्या, संगणकव्यवस्थेवर त्या दिवशी पहाटे विषाणूचा हल्ला झाला. मुंबईचे मुख्यालय आणि राज्यातील प्रादेशिक कार्यालये यांचे संगणकीय काम ठप्प झाले, तेही आर्थिक वर्ष संपायला जेमतेम दहा दिवस उरले असताना. हा विषाणू खंडणीखोर जातीचा होता. असा विषाणू फायली पुसून टाकत नाही. तो त्यांतील मजकूर सांकेतिक लिपीत बदलून टाकतो आणि ती उलगडण्याच्या किल्लीसाठी पैसे मागतो. जालन्याचा पोलाद कारखानदार असो की बियाणे उद्योजक, भूखंडाच्या कामासाठी त्याला याच महामंडळाच्या दारी जावे लागते. संगणक मुंबईचा बंद पडला, तरी खोळंबा जालन्यातल्या माणसाचाही होतो.

महामंडळाकडे विषाणूप्रतिबंधक प्रणाली नव्हती, असे नाही. ती होती, आणि तरीही हल्ला झाला. मात्र जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या राखीव प्रतींना संसर्ग पोहोचला नाही, असे महामंडळाने त्या वेळी स्पष्ट केले होते. या घटनेतून घेण्याजोगे जे आहे, ते या एका वाक्यात आहे.

प्रतिबंधक प्रणालीला कमी लेखण्याचे कारण नाही. रहिमतपूरचे कैलास काटकर जेमतेम दहावीपर्यंत शिकलेले. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करता करता ते संगणकदुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा सुळसुळाट दिसू लागला, तेव्हा संगणकशास्त्र शिकलेले धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला आणि १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आले. मराठी तरुणांनी ही कथा अवश्य वाचावी. पण प्रतिबंधक प्रणाली मुख्यतः ओळखीच्या खुणांवरून विषाणू पकडते. नव्या प्रणाली संशयास्पद वागणुकीवरही नजर ठेवतात, तरी आजच जन्मलेला विषाणू निसटू शकतो. त्यात वर्गणी संपलेली, महिनोन्महिने अद्ययावत न केलेली प्रणाली असेल, तर ती केवळ पडद्याच्या कोपऱ्यातले चित्र होऊन बसते.

विषाणू येतो कोठून? पुष्कळदा तो ई-टपालातून, ‘थकीत बिल’ किंवा ‘नोटीस’ अशा नावाची जोडपत्रे घेऊन येतो. आणि आपल्याकडे तो खिशातूनही येतो. मराठी टंकांचा घोळ याला बराच कारणीभूत आहे. एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हे दिसतात. मग टंकासह फाइल पेनड्राइव्हमध्ये भरून डीटीपीच्या दुकानात न्यायची. त्या दुकानातल्या संगणकात दिवसभरात किती पेनड्राइव्ह लागतात, याची मोजदाद नसते. परत आणल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, की कार्यालयात धावाधाव. युनिकोडमध्ये टंकलेखन केल्यास ही फेरी बरीचशी टळते, हा त्याचा एक अनपेक्षित लाभ.

चोरीच्या सॉफ्टवेअरची गोष्ट याहून वाईट. ते बसवण्याच्या सूचनांत अनेकदा पहिलेच वाक्य असते, ‘अँटिव्हायरस बंद करा.’ चोराने सांगितले म्हणून पहारेकऱ्याला घरी पाठवायचे, असाच हा प्रकार. आणि सुशिक्षित माणसेही तो निमूटपणे करतात.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ विषाणूने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने ती लाखो संगणकांवर बसवलीच गेली नाही. ‘नंतर करू’ हे बटण दाबणारी बोटे सर्वत्र सारखीच. विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे. पतसंस्था, अडत दुकाने, शाळा येथील जुन्या संगणकांचा विचार त्या दृष्टीनेही व्हायला हवा.

आता पुन्हा प्रतीकडे. हिशेबाची टॅली एका संगणकावर आणि तिचे फोल्डर सर्वांना खुले, अशी व्यवस्था अनेक कार्यालयांत आढळते. अशा ठिकाणी एका लिपिकाच्या संगणकात शिरलेला खंडणीखोर विषाणू त्या लिपिकाच्याच अधिकाराने सर्वांचे हिशेब कुलूपबंद करतो. ज्याला जेवढे लागते, तेवढेच त्याला उघडे ठेवावे. राखीव प्रत घेतली जाते, पण ती हार्ड डिस्क वर्षभर त्याच संगणकाला जोडलेली असते. मग मूळ फाइलबरोबर प्रतही जाते. ती काढून कपाटात ठेवली पाहिजे, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या इमारतीत. सभासदांच्या ठेवी, कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब, शाळेचे दाखले यांना दुसरा पुरावा नसतो. कागदी खतावण्या तर केव्हाच बंद झाल्या आहेत.

संसर्गाचा संशय आला, तर प्रथम जाळ्याची तार काढावी, वायफाय बंद करावे. घाईने संगणक फॉरमॅट करू नये. त्यात पुरावाही पुसला जातो. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार अशा घटना सहा तासांच्या आत कळवणे संस्थांना बंधनकारक आहे. बदनामीच्या भीतीने गप्प बसण्याची सोय राहिलेली नाही, हे योग्यच झाले.

राहता राहिली एक बाब. घेतलेली प्रत उघडते की नाही, हे फारसे कोणी पाहत नाही. महिन्यातून एका शनिवारी कपाटातली डिस्क काढावी, वापरात नसलेल्या एखाद्या संगणकावर मागल्या महिन्याचा हिशेब त्यातून उतरवून पाहावा, बेरजा जुळवाव्यात आणि ज्याने हे काम केले त्याने नोंदवहीत तारीख घालून सही करावी.