गंज रंगाखाली असतो



समुद्रातील तेलाच्या फलाटांवर खान्देशात व्याख्यान कशाला, असे काहींना वाटेल. आपल्याकडे समुद्र नाही. आपले तेल सरकीचे आणि शेंगदाण्याचे. पण जळगाव-धुळ्याच्या आय.टी.आय.मधून फिटर, वेल्डर होऊन निघालेला मुलगा पोटामागे कोठेही जातो, आणि लोखंडाचा धर्म सगळीकडे एकच असतो.

विहिरीतला लोखंडी नळ वर काढून पाहा. कायम बुडालेला भाग त्या मानाने बरा असतो, कोरडा भागही बरा असतो. जेथे पाणी चढते-उतरते तेथे नळ अधिक खाल्लेला दिसतो. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ येथे १९७४ साली तेल सापडले व १९७६ पासून ते निघू लागले. तेथे समुद्रात पाय रोवून उभ्या असलेल्या फलाटांची कथा हीच आहे. लाटांचे शिंतोडे जेथे सतत उडतात, तो पट्टा सर्वांत आधी झिजतो. पाण्याखालच्या पोलादाला ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ठोकळे जोडतात. ठोकळा आधी झिजतो आणि पोलाद वाचते. ही युक्ती हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी शोधली.

हा झाला बाहेरचा गंज. आतला अधिक कपटी. जमिनीतून तेल एकटे येत नाही. त्याच्याबरोबर खारे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कधी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू येतो. पाणी नळीच्या तळाशी बसते, वायू त्यात विरघळून आम्ल होते, आणि नळी आतून पोखरली जाते. वरून रंग मात्र नवाकोरा!

मग कळावे कसे? ध्वनिलहरी पत्र्यात सोडून तिचा प्रतिध्वनी मोजणारे एक लहानसे यंत्र असते. त्यावरून जाडी कळते. समजा, १२ मिलिमीटरची नळी पाच वर्षांत १० वर आली. म्हणजे वर्षाला ०.४ गेली. किमान ८ हवी असेल, तर पाच वर्षे उरली. आणि झीज पुढे वाढली, तर तीही नाहीत. हे गणित आमच्यासारख्या शाळेत फार न टिकलेल्या माणसालाही जमते. वाण्याच्या खतावणीसारखेच ते आहे. पण खतावणीत खोटी रक्कम मांडली, मोजणी फलाटावर न करता टेबलावरच केली, तर सारा हिशेबच बुडाला.

एका कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. तपासणी येणार म्हणून नळ्या रंगवून घेण्याचा हुकूम निघाला. रंगारी ठेकेदाराचा माणूस. तो म्हणाला, “साहेब, इथे खरवडलं की पापुद्रेच निघतात.” उत्तर मिळाले, “तुला रंगवायला ठेवलंय, तपासायला नाही.” आठ दिवसांत तीच नळी फुटली आणि एका हेल्परचा पाय वाफेने भाजला. चौकशीत रंगाऱ्याला कोणी बोलावले नाही, कारण त्याचे म्हणणे कोणत्याच रजिस्टरात नव्हते.

आता उत्तर समुद्राकडे चला. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेचा ‘अलेक्झांडर कीलँड’ हा कामगारांच्या वस्तीचा तरंगता फलाट उलटला आणि १२३ माणसे गेली. एका आडव्या नळीला एक लहानसे उपकरण बसवताना केलेल्या जोडाशी भेग होती. ती वाढत गेली आणि नळी तुटली. चौकशीत त्या भेगेच्या आत रंग आढळला. म्हणजे फलाट बांधणीच्या गोदीत रंगवला गेला, तेव्हाच भेग होती. तिच्यावरून कुंचला फिरला, आणि ती झाकली गेली.

मुंबई हायवर २७ जुलै २००५ रोजी जे घडले त्याचे कारण गंज नव्हते. बोटा कापलेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी फलाटावर पोचवीत असताना जहाज तेल-वायूच्या उभ्या नळ्यांवर आदळले. आग लागली आणि २२ जण मृत्यू पावले. एका कामगाराचा हात वाचवायला निघालेले जहाज ते! या दोन घटनांची कारणे वेगळी, पण शिकवण एकच. जी नळी फुटली तर माणसे मरतील, तिची ताकद आणि तिचे संरक्षण ही दोन्ही आधीपासून माहीत असली पाहिजेत.

कायदा काय म्हणतो? नॉर्वेने १९७७ सालीच कामगारांच्या सुरक्षा-प्रतिनिधीला धोक्याचे काम थांबविण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला धोका निदर्शनास आणण्याचा हक्क मिळाला. सांगणे आणि थांबविणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढ्या अंतरात माणसे मरतात.

आमची मागणी मोठी नाही. जाडीचे रजिस्टर कामगारांच्या प्रतिनिधीस पाहावयास मिळावे. रंगारी, वेल्डर, हेल्पर, मग तो कायम असो की ठेक्याचा, त्याने दाखविलेली जागा त्याच्या नावासह नोंदली जावी. आणि नोंदीचा निकाल लागेपर्यंत त्या जागी रंगाचा कुंचला फिरू नये. खर्च वाढेल, असे म्हणतील. वाढेल थोडा. परंतु लोखंडाची झीज भरून काढता येते. घरचा कमावता गेला, तर त्याची जागा कशाने भरणार?

घरी जाल तेव्हा आपल्या मुलाला एवढे सांगा: हातात कुंचला असला तरी आधी खरवडून पाहा.