पाड्यावरची अंगणवाडी बंद पडू देऊ नका
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आम्ही डहाणू-तलासरीकडचे. आमच्याकडे भात, नागली, वरई. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. पिके वेगळी, पण दोघांचेही नशीब पावसाच्या हातात. भावावर आणि कर्जावर आज बोलणे होईलच. आम्ही अंगणवाडीवर बोलायला उभे आहोत. शेतकऱ्यांच्या बैठकीत हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. म्हणून आधी शेतीचाच हिशेब मांडतो.

कपाशीचे निंदण कोण करते? वेचणी कोण करते? घरची बाई आणि मजूर बाई. तेव्हा तिचे दोन वर्षांचे पोर कुठे असते? बांधावरच्या झोळीत, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे एक लेकरू सांभाळायला दुसऱ्या लेकराची शाळा बुडते. अंगणवाडीला कुलूप लागले की त्याची किंमत आधी ही मुलगी मोजते, मग आईची मजुरी मोजते आणि शेवटी वेचणीला बाई मिळत नाही म्हणून तुम्ही-आम्ही मोजतो.

कपाशीचे पहिले पन्नास-साठ दिवस तणात गेले, तर पुढे कितीही खत टाका, तूट भरून येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. लेकराचेही तसेच आहे. पहिल्या काही वर्षांत आहार चुकला की पुढच्या जेवणाने ती तूट पुरती भरत नाही.

अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो. त्याचे मूळ आमच्या डहाणू तालुक्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. दलित-आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीकडे येईनात. तेव्हा बाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. धाकट्या भावंडामुळे शाळेत न येणाऱ्या मुलींसाठी शाळेला जोडून पाळणाघर ठेवले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव गेले.

आता उलटा न्याय ऐकू येतो. पट कमी, म्हणून केंद्र दुसऱ्या गावात मिसळा. पट कमी का होतो? दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तुमच्याकडची ऊसतोडीला जातात. लेकरेही सोबत जातात. जानेवारीत हजेरी मोजली तर ती कमीच भरणार. पावसाळ्यात मोजा, तीच मुले परत दिसतील. आणि केंद्र दोन कोस दूर नेले, तर तीन वर्षांचे पोर ओढा ओलांडून तिथे जाणार आहे काय?

कायदा आपल्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. आदिवासी भागासाठी निकष याहून सैल आहे: ३०० लोकवस्तीला पूर्ण अंगणवाडी, १५० ला मिनी अंगणवाडी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतला आहार हक्क म्हणून दिला आहे. ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

सेविकेलाही विसरू नका. तिला मिळते ते मानधन, पगार नव्हे. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस सात आठवडे संपावर होत्या. त्या काळात कुलपे पाहून गावे चिडली. पण सेविका टिकली नाही तर अंगणवाडी कोण चालवणार? रास्त दाम मागणाऱ्या शेतकऱ्याने दुसऱ्याच्या रास्त दामाला नाही म्हणू नये.

तेव्हा गावी गेल्यावर चार कामे करा.

एक, वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी स्वतः करा. पावसाळ्यात एकदा आणि स्थलांतराच्या दिवसांत एकदा. बाहेर गेलेल्या मुलांची नावे वेगळी लिहा.

दोन, ती यादी ग्रामसभेत वाचून ठराव करा. आमच्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्याच्या ग्रामसभेलाही वजन आहे.

तीन, ठराव आणि यादी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

चार, केंद्र मिसळण्याची भाषा कुणी केली तर लेखी कारण मागा. तोंडी हुकुमावर किल्ली देऊ नका.

बियाणे राखून ठेवणारा शेतकरी उपाशी राहील, पण बियाणे दळून खाणार नाही. लेकरे हे आपले बियाणे आहे. ते राखायचे की नाही, याचा ठराव आज या बैठकीत व्हावा, एवढीच आमची मागणी.