न्यायसहायक विज्ञानाचे उच्च शिक्षण : परदेशी जाण्यापूर्वी



घटनास्थळी सापडलेला केस, रक्ताचा डाग, संशयास्पद सही अथवा विषाचा अंश यांची शास्त्रीय तपासणी करून न्यायालयापुढे निष्कर्ष मांडणारे शास्त्र म्हणजे न्यायसहायक विज्ञान होय. शवविच्छेदन करणारे न्यायवैद्यक निराळे. त्यासाठी आधी वैद्यकाची पदवी लागते. हा भेद ठाऊक नसला की अर्जापासूनच गल्लत सुरू होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने आवश्यक ठरविले आहे. साहजिकच विज्ञानाच्या पदवीधरांचा या विषयाकडे ओढा वाढला आहे.

परदेशी विद्यापीठ निवडताना बहुतेक कुटुंबे नावाकडे पाहतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९०९ साली या विषयाची पहिली विद्यापीठीय शाळा निघाली. तिची कीर्ती खरी आहे, परंतु तेथील बरेचसे अध्यापन फ्रेंचमधून चालते, हे आधी पाहिलेले बरे. मान्यता विद्यापीठाला असणे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत ‘फेपॅक’ हा आयोग, तर ब्रिटनमध्ये चार्टर्ड सोसायटी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस ही संस्था अभ्यासक्रमांची पारख करते. माहितीपुस्तिकेतील रंगीत चित्रांपेक्षा या याद्या अधिक बोलक्या असतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष काय येते, हा. २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने दातांच्या व्रणांसारख्या कित्येक रूढ पद्धतींचा शास्त्रीय पाया कच्चा असल्याचे दाखविले. तेव्हापासून मूळ रसायनशास्त्र, जीवशास्त्र व संख्याशास्त्र यांना अधिक मोल आले. अमेरिकेतील डीएनए विश्लेषकाला जीवरसायन, आनुवंशिकी, रेणवीय जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे शिक्षण झालेले असावे लागते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीने आपल्या गुणपत्रिकेत यांपैकी काय आहे व काय नाही, ते अर्जापूर्वी ताडून पाहावे. विभागाला पत्र घालून विचारावे : उपकरणे विद्यार्थी स्वतः चालवितात की लांबूनच पाहतात? न्यायालयात साक्ष देण्याचा सराव असतो काय? पोलीस प्रयोगशाळेतील उमेदवारी परदेशी विद्यार्थ्यालाही मिळते काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मोघम आले, तर ते नकारार्थीच धरणे शहाणपणाचे.

नोकरीचा हिशेब येथेच चुकतो. अमेरिकेच्या एफ.बी.आय. प्रयोगशाळेत त्या देशाच्या नागरिकालाच प्रवेश आहे. ब्रिटिश पोलीस दलातील पदांसाठी त्या देशातील वास्तव्याची अट आड येते. ब्रिटनची सरकारी फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस २०१२ साली बंद होऊन तिचे काम खासगी व पोलीस प्रयोगशाळांकडे गेले. जमीन गहाण ठेवून मुलाला पाठविणाऱ्या घराने तो परत येणार असे धरूनच कर्जाचा आकडा ठरवावा. चेव्हनिंग शिष्यवृत्तीत ब्रिटनमधील एका वर्षाचा खर्च भागतो, मात्र त्यासाठी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी साहाय्य देत आले आहे. ते कर्जरूप असते, हे अर्ज करताना विसरले जाते.

परतल्यावर पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न उभा राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली यासंबंधी नवे विनियम काढले आहेत. ते वाचावेत आणि सोबत राज्याच्या प्रयोगशाळेतील पदांची जुनी जाहिरातही वाचावी. तीत मागितलेली अर्हता निवडलेल्या पदवीशी जुळत नसेल, तर पुढचा खर्च पुन्हा तपासावा.

देशातील पर्यायही तोलून पाहण्याजोगा आहे. गुजरातेत निघालेल्या या विषयाच्या विद्यापीठाला २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय स्वरूप मिळाले. गोव्यात व धारवाडलाही त्याची केंद्रे आहेत. येथे एम.एस्सी. करून संशोधनासाठी बाहेर जाणारा विद्यार्थी अधिक तयारीचा असतो, आणि घरावरचा भारही हलका राहतो.

ज्यांचा जाण्याचा निश्चय झाला आहे, त्यांच्या शिक्षकांनी एक काम अगत्याने करावे. बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांचा तपशीलवार अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांच्या तासांसह, महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. परदेशात बसून तो मागविताना महिने जातात, आणि तोवर प्रवेशाची मुदत टळून गेलेली असते.