नोंद खोडण्याचा अधिकार

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींबद्दल बोलताना आपण सरसकट ‘व्हिसा’ म्हणतो आणि तिथेच गफलत होते. पासपोर्टवरचा एफ-1 व्हिसा देशाच्या दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर विद्यार्थी राहतो तो ‘स्टेटस’च्या, म्हणजे विद्यार्थी या दर्जाच्या, आधारावर. शिकता शिकता व्हिसाची मुदत संपली, तरी दर्जा शाबूत राहू शकतो. या दर्जाचा हिशेब ठेवणारी संगणकीय वही म्हणजे सेविस. 1993 च्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील बॉम्बहल्ल्यातला एक आरोपी विद्यार्थी व्हिसावर आलेला होता. 1996 च्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची संगणकावर नोंद ठेवायला सांगितले, पण काम रेंगाळले. पुढे 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला सहा महिने झाल्यावर, विमाने आदळवणाऱ्यांपैकी दोघांचा विद्यार्थी दर्जा मंजूर झाल्याची पत्रे फ्लोरिडातल्या वैमानिक प्रशिक्षण शाळेत येऊन पडली. 2003 मध्ये सेविस सक्तीची झाली. अशी वही हवी, हे मला मान्य आहे. प्रश्न आहे तो तिच्यातली ओळ कोण, कशाच्या आधारे आणि कोणाला सांगून खोडतो, हा.

एरवी ही ओळ संपण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. अभ्यासक्रम पुरा झाला, तर निघायला 60 दिवस मिळतात. परवानगी घेऊन मध्येच सोडला, तर 15. न विचारता विषय कमी केले, परवान्याविना नोकरी केली किंवा सत्र सुरू होऊन नावनोंदणीच केली नाही, तर नोंद ‘टर्मिनेट’ होते आणि सवलतीचा एकही दिवस उरत नाही. शिक्षणानंतर प्रशिक्षण म्हणून नोकरी करू देणाऱ्या ओपीटी या सवलतीत एकूण 90 दिवसांहून अधिक बेकारी झाली, तरी दर्जा धोक्यात येतो. नियम कडक आहेत, पण प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातून काहीतरी घडलेले किंवा राहिलेले असते. शिवाय बहुतेक वेळा नोंद बदलणारा डीएसओ हा अधिकारी त्याच्याच विद्यापीठात बसतो, त्याचे दार ठोठावता येते. चूक समजण्यासारखी असेल, तर साधारण पाच महिन्यांच्या आत दर्जा परत मागण्याचा अर्जही करता येतो.

2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये ही चौकटच मोडली. पुढे झालेल्या दाव्यांत अमेरिकी सरकारने न्यायालयात जे सांगितले त्यावरून चित्र असे दिसते: दहा-वीस कर्मचाऱ्यांनी सुमारे 13 लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावे एफबीआयच्या गुन्हेविषयक माहितीसाठ्यातून फिरवली, जवळपास 6,400 नावे जुळली आणि 4,700 हून अधिक नोंदी संपवल्या गेल्या. पोलिसांशी संबंध आला होता की नाही, इतके अशा साठ्यातून कळते. पुढे आरोप मागे घेतला गेला का, हे त्यात असेलच असे नाही. वाहतुकीचा नियम मोडलेल्यांची, खटला न झालेल्यांचीही नावे त्यात निघाली. अमेरिकी इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने गोळा केलेल्या 327 प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय होते. अनेकांना सरकारकडून एक ओळही आली नाही. विद्यापीठाने सेविस उघडून पाहिली, तेव्हा समजले. कारणाच्या रकान्यात जे होते ते थोडक्यात असे: गुन्हेविषयक तपासणीत नाव आढळले ‘आणि/किंवा’ व्हिसा रद्द झाला. या ‘आणि/किंवा’पाशी मला थांबावेसे वाटते. ज्याला कारण द्यायचे आहे, त्याला दोहोंपैकी कोणते घडले हे माहीत नसेल, तर त्या विद्यार्थ्याने उत्तर द्यायचे तरी कशाला?

कोणी म्हणेल, परक्या देशात राहणे हा हक्क नव्हे. कोणाला ठेवायचे ते त्या देशाने ठरवावे. जरूर ठरवावे. पण अमेरिकेने ते आधीच लिहून ठरवले होते. सरकारला स्वतःहून दर्जा संपवता येईल असे मोजके तीनच मार्ग तिथल्या नियमांत दिले आहेत, आणि हा त्यांतला नव्हता. व्हिसा रद्द होणे एवढ्यावरून सेविसची नोंद संपवता येत नाही, हे आयसीई या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याच्याच 2010 च्या मार्गदर्शनात होते. दुसरा आक्षेप खुद्द सरकारचा, आणि तो अधिक गंभीर आहे. नोंद संपली म्हणजे दर्जा संपला असे नव्हे, असे सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितले. मग नोंद संपताच ओपीटीवरच्या मुलांना काम थांबवावे लागले, ते कशामुळे? विद्यापीठ आणि मालक दोघेही वहीच पाहतात. पुण्या-नागपुरातून शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या मुलाचा हप्ता ज्या पगारातून जातो, तो वहीतली ओळ खोडल्याबरोबर थांबतो. दर्जा तत्त्वतः उरला असल्याचा त्याला काय उपयोग?

देशभर दावे दाखल झाले, न्यायाधीशांनी एकामागून एक तात्पुरते मनाईहुकूम दिले आणि 25 एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करत असल्याचे न्यायालयात जाहीर केले. म्हणून प्रकरण मिटले, असे मानणाऱ्यांनी पुढची तारीख पाहावी. आयसीईच्या 26 एप्रिलच्या अंतर्गत टिपणात, तत्काळ लागू होणारे व्हिसा रद्द होणे हे नोंद संपवण्याचे कारण म्हणून लिहिले गेले. 2010 मध्ये जे पुरेसे नाही म्हणून सांगितले होते, तेच आता पुरेसे ठरले. 22 मे रोजी कॅलिफोर्नियातील न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी अशा कारवाईला देशव्यापी तात्पुरती मनाई केली. पण एका न्यायाधीशाचा हुकूम वरच्या न्यायालयात बदलू शकतो. खात्याच्या नियमातच लिहिले जायला हवे ते इतकेच: ओळ खोडण्याआधी विद्यार्थ्याच्या पत्त्यावर नोटीस जावी, उत्तराला दिवस मिळावेत आणि कारण एकच, नेमके, लिहिलेले असावे.